तीन वॉट

हसुराम आला तेव्हा शटर मी निम्मं ओढलं होतं.
वाकून आत शिरला, काखेतली लांबुळकी पिशवी
काउंटरवर आपटली. "भाच्यानी धारलाय, कॅनडाशी."
पिशवीतून तंबू छत्रीसारखा फाडकन उघडला,
पंख्याला अडला, बल्बांचे दोन खोके खाली.

तळच नव्हता त्याला.
तिकडे तळी गोठतात म्हणे. बर्फाला भोक पाडायचं,
वर हा उभा करायचा, आत बसून गळ सोडायचा.
"आपलेकरं बरफ पापलेटावर घालायचा," हसुराम म्हणाला,
"पन जुन्या धक्क्याची एक फली निखाललीय.
भोक तयार हाय. दिवा तेवरा दे."
आतून काळं अस्तर. डोकं घातलं
तर भर दुकानात मध्यरात्र.

गावाचं नाव दिवाळे आणि माझा धंदा दिव्यांचा,
यावरच्या सगळ्या कोट्या माझ्या तोंडावर करून झाल्यात.
तीस वर्षं विकतोय. कुठल्या खोलीला किती उजेड
हे मला खोलीत न जाता कळतं.
पांढरा दिला, नऊ वॉटचा.

सकाळी परत.
"इस्पितलान बसल्यावानी वाटतं.
माजेच हात मना मेलेले दिसले."

हिरवा दिला. हिरव्याला बोयटांची पिल्लं येतात,
पिल्लांमागे जिताडा. हे मी पुडक्यावर वाचलेलं.
पिल्लं आली. भोकात गोल गोल फिरली,
आणि हा गळ मांडीवर ठेवून
पहाटेपर्यंत नुसता बघत राहिला.
"परत घे बाबा. याच्यान काम नाय व्हयाचा."

पिवळ्यात झोप लागली. चुलीपुढे बसल्यासारखी.
भरती येऊन गेली, घमेलं सुकं.

मग लाल. तीन वॉट.
वर टांगू नकोस, म्हटलं, ढोपराच्या खाली लाव,
पाठीशी नको, सावली भोकात पडेल.
दोरी दिसेल, बोटं दिसतील, बस्स.
बाहेर आलास तरी डोळे अंधारातलेच राहतील.
चौथ्या रात्री दीड किलोचा जिताडा.
त्याचं डोकं माझ्या घरी आलं.
मला वाटलं, झालं.

सातव्या दिवशी दुपारी चांगुणा आली.
दिव्यांकडे बघितलंच नाही तिनं.
"त्या होरीवर जायाचे तवा कंदील असायचा.
माज्या खिरकीशी दिसायचा.
हलला का कलायचा, मानूस जागा हाय.
आता धक्क्यावर निस्ता कालं गाठोरं.
पल्यार उलव्याच्या टावरांचे दिवे कवरे लागलेत बघ,
त्यान माजा येक नाय."

मी काउंटर पुसला. पुसलेलाच होता.
किती तास चालेल, पाण्यात भिजला तर काय,
हे सगळं मला सांगता येतं.
हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

एक छोटा पिवळा निघाला, फळीच्या मागून,
दोन वर्षांपूर्वीचा, सायकलला लावायचा.
सेल बदलून दिला. हसुरामनं कुरकुर केली,
मासा बुजंल म्हणाला, पण बांधला.
तंबूच्या बाहेर एक बांबूची काठी,
काठीला दिवा, काठीलाच आतल्या गळाची दोरी.
लाल माशासाठी. पिवळा खिडकीसाठी.
त्याचे पैसे कुणाच्या नावावर लिहायचे
ते अजून वहीत कोरं आहे.

परवा उधाण होतं. झोप येईना म्हणून गच्चीत गेलो.
खाडीपलीकडे ते शेकडो दिवे, जागचे जागी,
अलीकडे हा एक, बोराएवढा.
तोही जागचा जागी.
पाच मिनिटं. दहा.
मी उगाच लुंगी घट्ट केली,
चपला कुठे काढल्या ते आठवू लागलो.
खाली चांगुणाच्या खिडकीत उजेड पडला.

मग हलला.
थांबला. परत हलला.
मासा की माणूस, इतक्या लांबून सांगता येत नाही.
तिनं तिचा विझवला.